उपचार संपतात, सूज उरते

स्तनाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया, केमो आणि रेडिएशन पार पडून दोन-तीन वर्षं झालेली बाई तपासणीला येते. रिपोर्ट चांगला असतो. सगळ्यांना हायसं वाटतं. मग उठता उठता ती सांगते, की डाव्या हातात बांगड्या चढत नाहीत, ब्लाउजची एक बाही उसवून घ्यावी लागली, संध्याकाळपर्यंत हात लोंबकळल्यासारखा जड होतो. तोंडाच्या कॅन्सरमधून वाचलेला माणूस सांगतो, की भाकरीचा घास आत जाईल एवढंही तोंड उघडत नाही. यावर बहुतेक वेळा त्यांना ऐकायला मिळतं, 'जीव वाचला ना, मग झालं तर.'

हे उत्तर मला मान्य नाही. वाचलेल्या जिवाला हात उचलता यायला हवा, जेवता यायला हवं, एका कुशीवर निजता यायला हवं. हे साधण्यासाठी हातानं केलेल्या मालिशीचा किती उपयोग होतो, याबद्दल मात्र जाणकारांतच मतभेद आहेत, आणि ते खरे आहेत. ते समोरासमोर यावेत म्हणून हा संवाद रचला आहे. यातले भावोजी कॅन्सरचे सर्जन आहेत आणि वहिनी अशा रुग्णांबरोबर काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्ट. दोघंही नागपूरचे. विदर्भातलं एक धर्मादाय रुग्णालय कॅन्सरच्या उपचारांनंतरच्या त्रासांसाठी एक खोली आणि एका माणसाचा पगार द्यायला तयार आहे, असं समजा. त्या खोलीत काय असावं, यावर दोघं बोलताहेत.

भावोजी : वहिनी, माझं मत आधीच सांगून टाकतो. त्या खोलीत मोजमापाची टेप ठेवा, दाबाच्या पट्ट्या ठेवा, हातात घालायच्या दाबाच्या स्लीव्ह ठेवा, व्यायाम शिकवणारा माणूस ठेवा. मालिशचं टेबल नको.

वहिनी : का नको?

भावोजी : एक तर पुरावा तोकडा आहे. शिवाय मालिश म्हटलं की गावातला प्रत्येक चोळणारा आत शिरतो. सुजलेल्या हाताला गरम तेल लावून रगडतात, वरून शेकतात, आणि तो हात लालबुंद होऊन आमच्याकडे येतो. आणखी एक भीती आहे. पेशंटला वाटायला लागतं, आपण पडून राहायचं, दुसऱ्यानं बरं करायचं. व्यायाम मागे पडतो.

वहिनी : रगडण्यापासून सुरू करू, कारण तिथे मी पूर्णपणे तुमच्या बाजूची आहे. काखेतल्या गाठी काढल्यावर हाताला जी सूज येते, तिला जोर लावून काहीच साधत नाही. लसिकेच्या बारीक वाहिन्या कातडीच्या लगेच खाली असतात. त्यांना ढकलायला हृदयासारखा पंप नाही. वाहिनीचं स्वतःचं आकुंचन, आजूबाजूच्या स्नायूंची हालचाल आणि श्वास एवढ्यावर लसिकेचं पाणी पुढे सरकतं. जोरात दाबलं तर वाहिनीच चेपली जाते. म्हणून आमचा हात कातडी फक्त हलकेच ताणतो आणि सोडतो. तेलसुद्धा लावत नाही, कारण हात घसरला तर कातडी ताणली जात नाही.

भावोजी : मग त्याला मालिश म्हणता कशाला?

वहिनी : लोक म्हणतात म्हणून. पण ही पद्धत कुणाच्या घरगुती अंदाजातून आलेली नाही. एमिल व्होडर आणि त्यांच्या पत्नी एस्ट्रिड या डॅनिश जोडप्यानं फ्रान्समध्ये काम करताना ती बसवली आणि १९३६ साली पॅरिसमध्ये मांडली. पुढे जर्मनीत मिखाएल फ्योल्डी यांनी तिला पट्ट्या, व्यायाम आणि त्वचेची निगा यांची जोड देऊन पूर्ण उपचार उभा केला. तिचा क्रमही लोकांना उलटा वाटतो. सूज हातात असते, पण मी सुरुवात मानेपासून करते. मग दुसऱ्या बाजूची चांगली काख, मग छाती, खांदा, आणि शेवटी हात. पाटाला पाणी सोडण्याआधी शेतकरी पुढचा गाळ काढतो, तसं आहे हे. पुढे वाट नसेल तर मागून ढकलून काय उपयोग?

भावोजी : तर्क सुंदर आहे, पण सुंदर तर्क असलेले कितीतरी उपचार चाचणीत पडले आहेत. चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेचा २०१५ सालचा आढावा घ्या. स्तनाच्या कॅन्सरनंतरच्या सुजेवर या मालिशीच्या सहा चाचण्या त्यांनी तपासल्या. नुसत्या दाबाच्या पट्ट्यांनी जास्तीची सूज साधारण ३० ते ३९ टक्के उतरली. पट्ट्यांबरोबर मालिश केली तर आणखी सुमारे ७ टक्के. म्हणजे मुख्य काम पट्टीचं. तुमच्या पाऊण-एक तासाच्या कष्टाचे सात टक्के.

वहिनी : त्याच आढाव्यात ही पद्धत सुरक्षित असल्याचं म्हटलंय. सूज सौम्य ते मध्यम असताना तिचा फायदा जास्त दिसू शकतो, असंही म्हटलंय.

भावोजी : 'दिसू शकतो'. चाचण्या लहान आहेत, वहिनी.

वहिनी : मान्य. पट्टीशिवाय नुसत्या मालिशीचे पैसे कुणी घेत असेल तर तो पेशंटला फसवतोय, हे मीही सांगते. मालिशीनं मोकळा झालेला हात तासाभरात पट्टीत बांधला नाही, तर पाणी पुन्हा भरायला लागतं. पण तुमच्या चाचणीनं मोजलं काय? हाताचं आकारमान. माझ्याकडे येणारी बाई हाताच्या आकारमानाची तक्रार घेऊन येत नाही. ती म्हणते, हात वर करून वेणी घालता येत नाही. काखेतून कोपरापर्यंत दोरी ताणल्यासारखी वाटते.

भावोजी : ती दोरी मीही बोटांनी चाचपलेली आहे. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत दिसते. बहुतेकींची आपोआप जाते.

वहिनी : बहुतेकींची जाते. पण ती जाईपर्यंत बाई हात छातीशी धरून बसते आणि दोरी गेली तरी खांदा आखडलेला उरतो. शिवाय रेडिएशनसाठी हात डोक्यावर नेऊन झोपावं लागतं. हात वर जात नसेल तर तिथेच अडतं. त्या आठवड्यांत दोरीच्या दोन्ही बाजूंची कातडी हळूहळू सैल करायची आणि त्याच बैठकीत हात वर न्यायला शिकवायचं, एवढंच मी करते. मग येतो व्रण. टाके सुकल्यावर कातडी खालच्या थराला चिकटते, त्यात रेडिएशन मिळालं असेल तर पुढे महिनोन्‌महिने, कधी वर्षांनंतरही घट्ट होत जाते. तुमच्या फाइलमध्ये 'जखम भरली' एवढंच लिहिलेलं असतं.

भावोजी : खरं आहे. आम्ही जखम भरली का ते पाहतो, ती हलते का ते पाहत नाही. पण दंडाच्या आतल्या बाजूला जो बधिरपणा आणि आग होते, तिथे तुमच्या हाताचं काय काम? काख साफ करताना तिथली एक मज्जातंतूची शाखा बऱ्याचदा कापली जाते किंवा ताणली जाते. ती चोळून जुळत नाही.

वहिनी : नाही जुळत, आणि जुळेल असं मी कुणाला सांगतही नाही. तिथे आधी मऊ सुती कापड, मग जरा खरखरीत टॉवेल, असं दिवसातून थोडा वेळ फिरवायला शिकवते, म्हणजे कातडीला स्पर्शाची पुन्हा सवय होते. केमोनंतर तळपायात मुंग्या येतात, चालताना कापसावर पाय पडल्यासारखं वाटतं, त्याबद्दलही हेच. पाय चोळल्यानं थोडा वेळ बरं वाटतं, झोप लागते. नस दुरुस्त होत नाही.

भावोजी : हे तुम्ही स्वतःहून म्हणालात ते बरं झालं. कारण 'मालिशीनं नसा मोकळ्या होतात' हे वाक्य मी रोज ऐकतो. त्यातही बधिर पायाला गरम पाण्याच्या पिशवीनं शेकलं तर चटका बसल्याचं कळतही नाही.

वहिनी : म्हणूनच त्या खोलीच्या भिंतीवर पहिली सूचना हीच हवी : सुजलेल्या हाताला आणि बधिर पायाला शेक नाही. आता तुमच्या तोंडाच्या पेशंटबद्दल बोला. आपल्याकडे तंबाखू-सुपारीचा खर्रा किती खाल्ला जातो, तुम्हाला सांगायला नको. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली तरी तोंडाचे कॅन्सर काही कमी झाले नाहीत. शस्त्रक्रिया आणि रेडिएशन झालेल्या या माणसांचं तोंड किती उघडतं?

भावोजी : वरच्या आणि खालच्या दातांमधलं अंतर ३५ मिलिमीटर किंवा त्याहून कमी असलं, की तोंड आखडलं असं आम्ही धरतो. कित्येकांचं त्याच्या निम्मंही उघडत नाही. त्यांना आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांमध्ये धरायला सांगतो, दर काही दिवसांनी एक काडी वाढवायची. स्वस्त आणि चांगला उपाय आहे.

वहिनी : चांगलाच आहे. पण किती जण तो टिकवतात?

भावोजी : थोडे. दुखतं म्हणून सोडतात.

वहिनी : काड्यांआधी पाच मिनिटं गालाच्या बाहेरून आणि हातमोजा घालून आतून जबड्याचा स्नायू सैल केला, तर ताण सहन होतो. माझा अनुभव एवढाच आहे, की दुखणं कमी झालं की काडी वाढते. हनुवटीखालची सूजही तशीच. सकाळी उठल्यावर ती जास्त असते, कारण रात्रभर माणूस आडवा असतो. गळा जड लागतो, गिळताना अडतं. तिथे दाबाची पट्टी बांधणं हाताइतकं सोपं नसतं. गळ्याभोवती आवळून कोण झोपणार? अशा ठिकाणी हलक्या हाताची किंमत सात टक्क्यांत कशी मोजाल?

भावोजी : हा मुद्दा तुमचा. तोंड आणि मान यांच्यासाठी हाताचं काम हवं, हे मी लिहून देईन. पण मग माझीही एक अट लिहा. वर्षानुवर्षं ठीक असलेला हात अचानक सुजला, तर मालिशच्या खोलीत जायच्या आधी माझ्याकडे यायचं. काखेत कॅन्सर परत आला असेल, किंवा शिरेत गुठळी झाली असेल. गुठळी असलेल्या हाताला तुम्ही हात लावलात, तर ती फुप्फुसात जाऊ शकते.

वहिनी : शंभर टक्के. हात लाल, गरम आणि ताप असेल तरी नाही, तो संसर्ग आहे, आधी अँटिबायोटिक. हृदय कमजोर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही, कारण हातातलं पाणी शेवटी हृदयाकडेच जातं. हाडात कॅन्सर गेला असेल तर त्या जागी दाब नाही. प्लेटलेट कमी असतील तर कपाळावरून हात फिरवण्यापलीकडे काही नाही. पण भावोजी, एक गोष्ट तुम्हीही मोठ्यानं सांगायला हवी. मालिशीनं कॅन्सर शरीरभर पसरतो, या भीतीनं कितीतरी बाया कुणाला हातच लावू देत नाहीत.

भावोजी : तसा पुरावा नाही. चालताना, व्यायाम करतानाही लसिकेचा प्रवाह वाढतोच. त्यानं कॅन्सर पसरत असता तर आम्ही सगळ्यांना पलंगावर बांधून ठेवलं असतं. ज्या जागी गाठ आहे त्या जागेवर दाबायचं नाही, एवढंच पथ्य.

वहिनी : हेच वाक्य तुम्ही बोललात तर बाईचा विश्वास बसतो. मी बोलले तर तिला वाटतं, हिला धंदा करायचाय.

भावोजी : मग आता धंद्याबद्दलच बोलू. मालिश संपत नाही. सूज जुनी असेल तर ती जन्मभर सांभाळायची. तुमच्या खोलीत वर्षाला किती जण मावतील? गडचिरोलीहून एसटीनं येणारी बाई आठवड्यातून कितीदा येणार? आणि दर वेळी कुणीतरी येऊन बरं करणार असं वाटलं तर ती स्वतः काही करणार नाही. २००९ साली अमेरिकेतली एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. हाताला सूज असलेल्या १४१ बायकांपैकी निम्म्यांना आठवड्यातून दोनदा वजनं उचलायला लावली, सावकाश वाढवत. वर्षभरात त्यांची सूज वाढली नाहीच, उलट सूज अचानक बिघडण्याचं प्रमाण १४ टक्के राहिलं. दुसऱ्या गटात ते २९ टक्के होतं. आपण मात्र वर्षानुवर्षं बायकांना 'त्या हातानं हंडा उचलू नका' सांगत राहिलो. बाईला मजबूत करा, वहिनी. तिला टेबलावर निजवू नका.

वहिनी : वजनं उचलणाऱ्या त्या बायकांनी व्यायाम करताना दाबाची स्लीव्ह घातली होती, आणि त्यांना शिकवायला प्रशिक्षित माणसं होती. आपल्या बाईच्या हातात आधी काय द्यायचं? तिला स्वतःच्या हाताची भीती बसली आहे. तुम्ही तिला वजन उचल म्हणता तेव्हा ती मान हलवते आणि घरी जाऊन हात पदराखाली झाकते. मी तिचा हात हातात घेते, तो दुखत नाही, फुटत नाही, हे तिला कळतं, आणि मग ती मला विचारते, आता काय करू. व्यायामाकडे जाणारा रस्ता बऱ्याच जणींसाठी या टेबलावरूनच जातो.

भावोजी : म्हणजे स्पर्शाचा परिणाम. २००४ साली न्यूयॉर्कच्या एका मोठ्या कॅन्सर रुग्णालयातली १,२९० रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली, ती तुम्ही मला पूर्वी दाखवली होती. मालिशीनंतर वेदना, थकवा, चिंता या तक्रारींचे आकडे जवळपास निम्म्यानं उतरले. पण तुलनेसाठी दुसरा गटच नव्हता. तासभर कुणी प्रेमानं शेजारी बसलं असतं तरी बरं वाटलं असतं.

वहिनी : कदाचित वाटलं असतं. पण कोण बसतं? शस्त्रक्रियेनंतर त्या छातीला तुम्ही हात लावता तो गाठ शोधायला. नर्स लावते ती पट्टी बदलायला. नवरा घाबरतो, त्याला वाटतं तिला दुखेल. बाई स्वतः आंघोळ करताना खाली बघत नाही. त्या जागेला काहीही शोधायचं नसलेला हात लागणं, याला मी उपचार म्हणते. तुमच्या कागदावर त्याला रकाना नाही, म्हणून तो खोटा ठरत नाही.

भावोजी : खोटा म्हणत नाही मी. पण पगार एकाच माणसाचा आहे. जे मोजता येत नाही त्यावर तो खर्च करायचा, तर पुढच्या वर्षी विश्वस्त विचारतील, काय मिळालं? काय दाखवू?

वहिनी : मोजू या ना. मोजायला माझी हरकत कधीच नव्हती, हरकत होती ती फक्त एकच गोष्ट मोजण्याला. पहिल्या दिवशी बाईला विचारायचं, तुला काय जमायला हवं? 'ब्लाउज स्वतःचं स्वतः घालायचंय.' 'भाकरी खायचीय.' 'डाव्या कुशीवर झोपायचंय.' ते तिच्याच शब्दांत कार्डावर लिहायचं. शेजारी टेपची मापं, तोंड उघडण्याचे मिलिमीटर, खांदा किती वर जातो ते. तीन आठवड्यांनी दोन्ही बघायचं.

भावोजी : आणि दोन्हींत फरक नसेल तर?

वहिनी : तर थांबायचं. पट्टी आणि व्यायाम सुरू ठेवायचे, मालिश बंद.

भावोजी : तुम्ही हे कबूल कराल असं वाटलं नव्हतं.

वहिनी : उपयोग होत नसताना चालू ठेवणं म्हणजे तिच्या एसटीच्या भाड्याची चोरी आहे. आणि टेबलावर निजण्याच्या सवयीबद्दल म्हणाल, तर पहिल्याच आठवड्यात घरातलं कुणीतरी बरोबर आणायला सांगायचं. बहीण, सून, नवरा, कुणीही. मानेपासून सुरुवात कशी करायची, किती हलकं ठेवायचं, हे मी त्यांना शिकवीन. बाईला स्वतःच्या एका हातानं करता येईल तेवढं तिलाही. पुढचं काम त्यांच्या घरचं. माझ्याकडे महिन्याला मापाला यायचं.

भावोजी : आपल्याकडे याचं उदाहरण आहेच. हत्तीरोगाच्या कार्यक्रमात गावोगावी हेच शिकवतात. सुजलेला पाय रोज साबणानं धुवायचा, बोटांच्या बेचक्यांतसुद्धा कोरडा पुसायचा, भेगा दिसल्या की मलम लावायचं, पाय उंचावर ठेवायचा. टब, मग, टॉवेल, साबण असा संच देतात. वर्धा, भंडारा, गडचिरोलीत आरोग्य कर्मचाऱ्यांना हे पाठ आहे. कॅन्सरनंतर सुजलेल्या हातालाही त्वचेची निगा तीच लागते. मग त्याच कर्मचाऱ्यांना सुजलेला हात ओळखायला का शिकवू नये?

वहिनी : जरूर शिकवू. फक्त दोन्ही सुजा एक नाहीत हेही शिकवू, नाहीतर कॅन्सरमधून उठलेल्या बाईला हत्तीरोगाच्या गोळ्या देऊन पाठवतील.

भावोजी : तर मग माझं अंतिम मत. माणूस तुमचा घ्या, लसिकेच्या मालिशीचं रीतसर प्रशिक्षण घेतलेला फिजिओथेरपिस्ट. पण पगाराइतकीच रक्कम स्लीव्हसाठी वेगळी ठेवा. स्लीव्हची पकड सहा महिन्यांत जाते. गरीब बाई ती दोन वर्षं वापरते आणि आपण म्हणतो उपचार लागू पडला नाही. निवड करायची वेळ आली तर मी अजूनही स्लीव्हच निवडीन.

वहिनी : आणि मी हात निवडीन. यावर आपलं जमायचं नाही. पण निवड करायची वेळच येऊ नये, हे तुमच्या हातात जास्त आहे. काखेतल्या सगळ्या गाठी काढल्या तर पाचातल्या एकीला सूज येते. फक्त पहारेकरी गाठ, म्हणजे काखेतली पहिली गाठ, तपासून थांबता आलं, तर ते प्रमाण शंभरात सहाच्या आसपास येतं. माझ्या वर्षभराच्या कामापेक्षा तुमचा हा एक निर्णय जास्त बायांना वाचवतो.

भावोजी : जिथे आजार लवकर सापडतो तिथे आम्ही तेच करतो. पण आपल्याकडे बाया उशिरा येतात, वहिनी. काख भरलेली असते. मग सगळं काढावंच लागतं.

वहिनी : मग निदान एवढं करा. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तिला माझ्याकडे पाठवा. दोन्ही हातांची मापं घेते, ठरलेल्या खुणांवर. मूळ मापच नसेल तर पुढे अर्धा सेंटिमीटर वाढलाय की तिचा उजवा हात पहिल्यापासूनच जाड होता, हे कुणाला सांगता येत नाही. सूज डोळ्यांना दिसेपर्यंत थांबलो तर ती मुरलेली असते. टेपवर दिसली तेव्हाच पकडली, तर तुमची स्लीव्हही लागू पडते आणि माझा हातही.

भावोजी : तोंडाच्या पेशंटचंही तसंच. दातांमधलं अंतर आधी मोजायचं.

वहिनी : मोजायचं. आणि त्याच भेटीत दोघांना सांगायचं, की पुढे काय काय होऊ शकतं, त्यातलं कशाला घाबरायचं आणि कशाला नाही. ऑपरेशननंतर भीतीनं गोठलेल्या माणसाला शिकवण्यापेक्षा आधी शिकवलेलं जास्त टिकतं.

भावोजी : ठीक आहे. विश्वस्तांना द्यायच्या पत्रात पहिलं कलम हेच घालतो : शस्त्रक्रियेच्या तारखेबरोबर मापाची तारीखही द्यायची, मापाशिवाय पेशंट ऑपरेशन थिएटरमध्ये न्यायचा नाही. दुसऱ्या कलमात टेबल, तिसऱ्यात स्लीव्हचा निधी. चौथं तुम्ही सांगा.

वहिनी : चौथं असं : 'जीव वाचला ना' असं म्हणून कुणाचीही तक्रार परत पाठवायची नाही. ती आधी कार्डावर लिहायची, मग काय करायचं ते ठरवायचं.